तिसऱ्या स्टँडवरचा कणसूर

छत्तीस वर्षं मी या गावातल्या पोरांना भूगोल शिकवला. कुणी नकाशात नदी डोंगराच्या चुकीच्या बाजूने काढली, की वही सरळ खिडकीबाहेर. माझी जीभ कशी आहे ते इथे कुणालाही विचारा, पाववालीपासून पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांनी तिचा प्रसाद खाल्लेला आहे. आता त्याच जिभेने स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली, तर मेली टाळ्याला चिकटून बसते. पण सांगते. उद्या, शनिवारी, आमच्या हंगामाची पहिली मैफल आहे, आणि त्याआधी हे एकदा तोंडातून बाहेर पडलेलं बरं.

आमचा वाद्यवृंद हौशी माणसांचा. बावीस जण. कुणी पाव भाजतं, कुणी गुरांचं डॉक्टर आहे, कुणी जंगलखात्यात. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर तालीम, आणि ऑक्टोबर ते मे पाच मैफिली. पहिली गढीच्या दिवाणखान्यात, दुसरी चर्चमध्ये, तिथे थंडीने बोटं आखडतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत. पण यंदा चाळिसावा हंगाम, त्यामुळे उन्हाळ्यापासूनच सगळ्यांच्या अंगात आल्यासारखं झालं होतं.

मी दुसऱ्या व्हायोलिनांत, म्हणजे वरचे सूर पहिल्यांचे आणि खालची साथ आमची. आमच्यात दोघांत मिळून एक स्टँड असतं, त्यावर एकच स्वरलिपी. मी उजव्या खुर्चीवर, लोकांच्या बाजूला. माझ्या डावीकडे आलोइस, पानं उलटायचं काम त्याचं. तिसरं स्टँड, म्हणजे सगळ्यात मागचं. आलोइस चौऱ्याहत्तरचा, रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा. वाद्यवृंद सुरू झाला त्या पहिल्या वर्षापासून आहे. मी एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी बसले. माझा नवरा बिचारा लवकर गेला. त्याच्या शेजारीसुद्धा मी एवढी वर्षं बसले नाही.

एक कायदा आमच्याकडे आहे, कुठे लिहिलेला नाही. स्टँडवरच्या शेजाऱ्याची चूक स्टँडपलीकडे न्यायची नाही. कारण चुकतात सगळेच. कुणी दोन ओळी गाळतं, कुणाची करंगळी वेळेवर पोचत नाही, कुणी आदल्या दिवशी घरी वाद्याला हातसुद्धा लावलेला नसतो. शेजाऱ्याला ते कळतं, आणि शेजारी गप्प बसतो. उद्या त्याची पाळी असते.

हा कायदा मी मोडला. जून महिन्यात, भर दुपारी, चौकातल्या आईस्क्रीमच्या दुकानात.

जुने संचालक निवृत्त झाले होते आणि ब्रनोहून नवा आला होता. शिमोन नाव, एकतीस वर्षांचा, हुशार, सरळ मनाचा. त्याने आमच्या वसंतातल्या दोन तालमी ऐकल्या आणि मग एकेकाला भेटायला बोलावलं. मला म्हणाला, दुसरी व्हायोलिनं छान आहेत, पण संथ जागी मागून काहीतरी गढूळ ऐकू येतं. तिसऱ्या स्टँडवरून. मग म्हणाला, आमची प्रमुख बाई मुलीकडे प्रागला राहायला चालली आहे, पहिल्या स्टँडवरची तिची खुर्ची रिकामी होईल, तिथे कोण बसावं असं तुम्हाला वाटतं?

आमची रीत अशी, की प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली की ती गटातल्या सगळ्यात जुन्या माणसाला मिळते. म्हणजे आलोइस. त्याच्यानंतर मी.

"तुम्ही त्यांच्या शेजारी बसता, बाई," तो म्हणाला. "नेमकं काय होतं तिथे?"

आता खरं बोलायचंच ठरवलं आहे तर हेही सांगते. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती. एकोणीस वर्षं मागे बसून मी पुढच्यांच्या पाठी बघितल्या होत्या. शाळेत मुख्याध्यापिका व्हायची संधी हुकली, ती एका गुळमुळीत माणसाला मिळाली, त्याचा सल अजून होता. निदान इथे तरी आपण पुढे बसावं असं फार वाटलं.

मी म्हणाले, आलोइसचा सूर चढतो. दोन वर्षं झाली, मी ऐकतेय. आणि अवघड जागा आली की तो वाजवतच नाही. गज तारांच्या वर केसभर उचलतो आणि हवेतच फिरवतो. बघणाऱ्याला वाटावं वाजवतोय.

खोटं मी काही बोलले नाही. सूर चढलेला माझ्या कानांनी ऐकला होता, उचललेला गज माझ्या डोळ्यांनी बघितला होता. फक्त एक केलं नव्हतं. का रे बाबा उचलतोस, असं त्याला कधी विचारलं नव्हतं.

जुलैत आलोइसला पत्र गेलं. फार सभ्य पत्र. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार, आणि चाळिसाव्या हंगामापासून आपण आमचे मानद सभासद, म्हणजे नाव राहील, खुर्ची नाही. त्याने मला फोन केला.

"द्राहा," तो म्हणाला, "मला मानद केलं."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "अरे वा. अभिनंदन."

 आजही भांडं घासताना ते आठवतं आणि मी नळ तसाच सोडून उभी राहते. अभिनंदन म्हणे. त्यावर तो म्हणाला, पहिल्या मैफिलीत एक संथ रचना आहे, तिच्यात मधल्या लांब सुरांना जरा सांभाळ. मला राग आला. गेलास ना आता, मग शिकवतोस कशाला, असं मनात म्हणाले आणि फोन ठेवला.

ऑगस्टात हंगामाची पत्रकं छापून आली. पिवळी, घडीची, चारशे. गावभर वाटायचं काम मी आपणहून घेतलं. पाववालीकडे, औषधांच्या दुकानात, पोस्टात, गढीच्या तिकीटखिडकीवर. प्रत्येक ठिकाणी मी ते उघडून ठेवायची, आतलं पान दिसेल असं. आतल्या पानावर सभासदांची नावं होती. दुसरी व्हायोलिनं, प्रमुख, द्राहोमीरा, आणि पुढे माझं आडनाव. आलोइस सगळ्यात खाली, एकटा, मानद म्हणून.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी मी पहिल्या स्टँडवर बसले. नवा ब्लाउज घालून गेले होते. डावीकडे माझी नवी शेजारीण, ब्लांका, गुरांची डॉक्टर, चाळिशीतली. बोलणं कमी आणि हात पक्का. वासरू ओढून काढणारी बाई, पण गज असा धरते की बघत राहावं.

संथ रचना सुरू झाली. मधले लांब सूर आले. शिमोनने हात खाली केला, डोकं खाजवलं.

"गंमत आहे," तो म्हणाला. "मागचा गढूळपणा आता पुढे आला."

त्याच्या मनात काही नव्हतं. जे ऐकलं ते बोलला. पण कुणी हसलं नाही. एरवी आमच्यात अशा वाक्यावर चार टोमणे ठरलेले. त्या दिवशी सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले. मला वाटलं, नव्या संचालकाला घाबरतात.

मध्यंतराच्या चहाला मी ब्लांकाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, बाई गं, त्या लांब सुरांवर तू चढतेस, जरा बघ. ती माझ्याकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, बघते.

घरी जाताना मला जरा चमत्कारिक वाटलं होतं, हे कबूल करते. आलोइस चढायचा, आता हीसुद्धा चढते, आणि तीही त्याच जागी. पण मी तो विचार झटकला. आजकाल कुणाला कान राहिला आहे, असं स्वतःला सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी पोरांना हजारदा ऐकवली असेल. ती आपल्यालाही लागू पडते हे मास्तरणीला कशाला सुचेल?

पुढच्या गुरुवारी ब्लांका अर्धा तास आधी आली, आणि मलाही यायला सांगितलं होतं. खोलीत आम्ही दोघीच. तिने खिशातून सूर मोजायचं छोटं यंत्र काढून स्टँडला अडकवलं. काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागतो, खाली गेला की लाल. तिने तो लांब सूर वाजवला. माझ्या कानाला स्पष्ट चढा लागला. काटा मधोमध, दिवा हिरवा.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

मी वाजवला. मला विचाराल तर अगदी नेमका. लाल. पुन्हा वाजवला, लाल. बोट जरा वर सरकवलं, इतकं की मला ते बेसूर लागलं, दात आंबल्यासारखं झालं. आणि दिवा हिरवा झाला.

ब्लांकाने यंत्र काढून खिशात ठेवलं. म्हणाली, म्हाताऱ्या कुत्र्यांचंही असं होतं, आधी एकच कान जातो, मालकाला पत्ता लागत नाही. मग जीभ चावली आणि म्हणाली, माफ करा, मला तसं म्हणायचं नव्हतं. मी म्हणाले, अगदी तसंच म्हण. त्या संध्याकाळी डोकं दुखतंय सांगून मी तालमीला न बसता घरी आले.

ओलोमोउतला कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्याने मला पेटीसारख्या खोलीत बसवून तासभर शिट्ट्या ऐकवल्या आणि मग कागद समोर ठेवला. डावा कान बिघडलाय. नुसतं कमी ऐकू येतं असं नाही, त्याला सूर आहे त्याच्यापेक्षा चढा ऐकू येतो. उजवा ठीक आहे. तो म्हणाला, व्हायोलिनवाल्यांत हे होतं, आयुष्यभर वाद्य डाव्या कानाखाली धरलेलं असतं ना. उपाय म्हणाल तर वाजवताना डाव्या कानात बोळा घाला आणि उजव्या कानाने ऐका, बरंच सुधारेल.

परतीच्या बसमध्ये मी सगळं जुळवलं. भूगोलाच्या बाईला एवढं तर जमतं. माझं वाद्य डाव्या कानाखाली, म्हणजे माझाच सूर मला चढा लागायचा, म्हणून मी तो खाली ओढत होते. दोन वर्षं. आणि डावीकडे बसलेला माणूस, तो कितीही नेमका वाजवो, मला चढाच वाटणार. आलोइसचा सूर कधी चढलाच नव्हता.

पण गज? गज तर तो उचलायचा. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि डोळे माझे चांगले आहेत. म्हणून मी बसमधून उतरले ती थेट त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मिलादा. आमच्याकडे कुणाच्याही घरी गेलं की दारात बूट काढायचे, आणि घरची बाई घरात घालायच्या सपाता पुढे सरकवते. पंधरा-वीस वेळा मी त्या घरी जेवले असेन. निळ्या सपाता माझ्याच म्हणून ठरल्या होत्या. मिलादाने त्या दिवशी सपाता काढल्या नाहीत. मी बूट काढू की नको अशी पायपुसण्यावर उभी.

"मागच्या अंगणात आहे," ती म्हणाली. "घराला वळसा घालून जा. घरातून नको."

आलोइस प्लमच्या बिया काढत बसला होता, मुरांब्यासाठी. दोन बादल्या भरल्या होत्या, हात जांभळे. मला बघून त्याने पायानेच एक उलटी बादली माझ्याकडे सरकवली. मी बसले. कानाचा कागद दाखवला. तो त्याने वाचला नाही, हात ओले होते.

मी विचारलं, "तू गज का उचलायचास?"

त्याने आणखी दोन प्लम फोडले. मग सावकाश बोलला. त्याचं बोलणं तसं नेहमीच सावकाश.

"हे बघ. एका स्टँडवरून एकच सूर आला आणि तो जरा उतरलेला असला, तर ऐकणाऱ्याला वाटतं, मागचे लोक जरा कच्चे आहेत. चालतं. पण एक उतरलेला आणि त्याच्या शेजारी एक खरा, असे दोन लागले की ते भांडण होतं. लगेच माना वळतात. लोक तुला शोधून काढतील. म्हणून ती जागा आली की मी थांबायचो."

"मग मला सांगायचंस ना."

"दोनदा सांगितलं होतं. तू म्हणालीस, माझा सूर बरोबर आहे, तूच चढतोयस आलोइस. तुझ्याशी कोण भांडणार?"

खरं होतं. मला आठवलं. दुसऱ्या वेळी तर मी त्याला म्हाताऱ्या म्हणाले होते.

"आणि शिमोनला?" मी म्हणाले. "पत्र आलं तेव्हा त्याला तरी सांगायचंस."

"काय सांगू त्याला? मी नाही, ती, असं?"

त्याला माहीत होतं. पत्रामागे कोण आहे ते त्याला माहीत होतं. अभिनंदन म्हणाले तेव्हाही माहीत होतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मिलादा मागच्या दारात येऊन उभी होती, ते मला उशिरा दिसलं.

मी म्हणाले, मी उद्याच शिमोनला सगळं सांगते. आलोइस म्हणाला, राहू दे, आता पत्रकंसुद्धा वाटून झाली. त्यावर मिलादा म्हणाली, "सांगू दे तिला. मलाही बघायचंय, सांगते का."

उद्याच म्हणाले होते. त्यानंतर तीन गुरुवार गेले.

पहिल्या गुरुवारी शिमोन घाईत होता. दुसऱ्या गुरुवारी पाऊस होता, निम्मे लोक आले नाहीत, तेव्हा म्हटलं सगळे असताना सांगू. काय ते बहाणे! पोरं गृहपाठ न करता यायची तेव्हा मी त्यांचे असले बहाणे एका फुंकरीने उडवायची. खरी गोष्ट अशी की डाव्या कानात बोळा घातल्यापासून माझा सूर सुधारला होता. मन घट्ट करून, कानावर विश्वास न ठेवता, बोट वर सरकवून वाजवत होते, आणि ब्लांका एकदा मान हलवून हो म्हणाली होती. मग मला वाटायला लागलं, आता दुरुस्त झालंच आहे तर कशाला उकरायचं? आलोइस स्वतःच राहू दे म्हणाला. त्याला आता दुपारी झोप लागते, गुडघे दुखतात, घरी सुखात आहे. असं मी स्वतःला पटवत होते. जवळजवळ पटलंही होतं. खुर्चीची ऊब फार वाईट.

तिसरा गुरुवार, म्हणजे पहिल्या मैफिलीच्या नऊ दिवस आधी. आम्ही संथ रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. लांब सूर आले आणि गेले, स्वच्छ. शिमोनने हात खाली केला आणि तो खुलला.

"बघा," तो म्हणाला, "जूनमध्ये एक निर्णय मला फार जड गेला होता. एका जुन्या माणसाला थांबायला सांगायचं, आणि तेही चाळिसाव्या हंगामाला. पण आज ऐकलंत ना? नाद साफ झाला. कधीकधी कठोर व्हावं लागतं."

 मी उठले ते ठरवून नाही. व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं.

"तो आलोइस नव्हता," मी म्हणाले. "मी होते. माझा डावा कान खराब आहे. दोन वर्षं मी उतरलेली वाजवत होते आणि तो मला झाकायला गज उचलून धरत होता. आणि मी जाऊन तुम्हाला सांगितलं की तो वाजवत नाही. मला ही खुर्ची हवी होती."

एवढंच. छत्तीस वर्षं वर्गात तास तास बोलणारी बाई, पण याच्यापुढे शब्द नाही. शिमोनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. मी वाट बघत होते की कुणीतरी ओरडेल, निदान कुणी शी म्हणेल. कुणी हललं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की शिमोन सोडला तर कुणाला आश्चर्यच वाटलेलं नाही.

व्लास्ता बोलली. ती चेलो वाजवते, पावाचं दुकान तिचं, आणि वाद्यवृंदाची अध्यक्षही तीच.

"आम्हाला माहीत होतं, द्राहा."

मी म्हणाले, काय माहीत होतं?

"सगळं. आम्ही चेलोवाले तुमच्या समोरच बसतो. त्याचा गज वर उचललेला आम्हाला दिसायचा, आणि तरी तो कणसूर ऐकू यायचा. मग तो कुणाचा? दोन वर्षं माहीत आहे."

"मग तुम्ही कुणीच बोलला का नाहीत?"

"आलोइसने शपथ घातली होती. म्हणायचा, तिला याच्याशिवाय दुसरं काय आहे." व्लास्ताने गज मांडीवर ठेवला. "आणि त्याला काढलं तेव्हा मी त्याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, कुणी काही बोलायचं नाही, द्राहा स्वतः सांगेल. म्हणून आम्ही थांबलो. दर गुरुवारी वाटायचं, आज सांगेल."

म्हणजे पाच गुरुवार. मी नवा ब्लाउज घालून येत होते, प्रमुख म्हणून दुसऱ्या व्हायोलिनांना गज वर की खाली ते सांगत होते, ब्लांकाला चढू नकोस म्हणत होते, आणि बाकीची माणसं कागदात डोकं घालून वाट बघत होती की ही कधी तोंड उघडते. गावभर मी पत्रकं वाटली तेव्हा व्लास्ताच्या दुकानातही दिली होती. तिने ती माझ्या हातातून घेतली होती, आतलं पान बघितलं होतं आणि मला दोन खसखशीच्या वड्या फुकट दिल्या होत्या. त्या मी खाल्ल्या होत्या.

मी व्हायोलिन पेटीत घालून घरी आले. त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला, अर्ध्या पानाचा, आणि दुसऱ्या दिवशी शिमोनच्या हातात द्यायला निघाले तर तोच माझ्या दारात. सकाळीच तो आलोइसकडे जाऊन आला होता. मिलादाने त्याला तासभर उभं ठेवलं म्हणे, आणि मग सपाता दिल्या. आलोइस परत यायला तयार होता. शिमोनने त्याला पहिल्या स्टँडवर प्रमुख म्हणून बसा सांगितलं, ते त्याला नको होतं. ते ब्लांकाला द्या म्हणाला. त्याची अट एकच होती.

"ते म्हणाले, मी तिसऱ्या स्टँडवर बसेन, द्राहा शेजारी असेल तर. ती नसेल तर मीही नाही."

मी राजीनामा पुढे केला. शिमोन म्हणाला, बाई, मग हा त्यांचाही होतो, बघा. आणि कागद माझ्याच हातात राहिला.

मला हाकलून दिलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि मग इथल्या प्रत्येकाला चार गोष्टी सुनावून मोकळी झाले असते. तसं नाही झालं. काल, गुरुवारी, मी माझ्या जुन्या उजव्या खुर्चीवर जाऊन बसले. डाव्या कानात बोळा. आलोइस आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले, व्लास्ताने त्याच्या गालांचे मुके घेतले, जंगलखात्यातल्या माणसाने खिशातून बाटली दाखवली आणि नंतर घेऊ अशी खूण केली. मीही उभी राहिले, पण कुठे बघावं ते कळेना. तो माझ्याजवळ येऊन बसला, गजाला राळ लावली, वाद्य जुळवलं.

मी हळूच म्हणाले, "आलोइस, मला तुझी माफी मागायला हवी."

मला वाटलं, तो म्हणेल, सोड गं. एकोणीस वर्षं तो कुठल्याही गोष्टीला सोड गं म्हणत आला आहे.

"माग," तो म्हणाला.

आणि त्याने वाद्य मांडीवर उभं धरलं आणि माझ्याकडे वळून थांबला. शिमोनने काठी उचलली होती, ती खाली केली. पुढच्या दोन्ही स्टँडवरच्या पाठी ताठ झाल्या. खोलीत एवढी शांतता की खालच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर पियानोवर एकच ओळ घोटत होतं ते ऐकू येत होतं.

मी मागितली. मोठ्याने, कारण हळू बोलणं आता शोभलं नसतं. "आलोइस, मी तुझ्याबद्दल चुगली केली, तुझी जागा घेतली आणि तुझं अभिनंदन केलं. मला माफ कर."

त्याने ते सगळं नीट ऐकून घेतलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

काही हरकत नाही असं तो म्हणाला नाही. मग त्याने वाद्य खांद्याला लावलं, पहिलं पान काढलं, आणि आम्ही वाजवायला सुरुवात केली. उद्या पहिली मैफल आहे. त्यानंतर मेपर्यंत अजून चार.